नावाड्याचा कौल

माझ्या भावाने एका कादंबरीतला माणूस मेला की जिवंत आहे, हे गावच्या देवीला विचारलं. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो. मला अजून हसू येत नाही, कारण त्याच सकाळी, त्याच देवीला, माझ्या लग्नाचंही विचारलं होतं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या जरा आधीची गोष्ट. आमचं घर डिचोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सर्वणच्या वाटेला. बाबांचं डिचोलीच्या बाजारात कापडाचं दुकान. घरात बोलणं सगळं कोकणीत आणि वाचणं सगळं मराठीत. यात काही विचित्र आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. मग त्या वर्षांत कोकणी की मराठी यावरून लोक रस्त्यावर उतरून एकमेकांची डोकी फोडायला लागले, तेव्हा आम्हालाही कुणीतरी विचारायला लागलं, तुम्ही कुठल्या बाजूचे? बाबा म्हणायचे, आम्ही दुकानाच्या बाजूचे.

भाई माझ्याहून मोठा. आम्हा दोघांना एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. जाडजूड, जादूच्या, एकमेकींत अडकलेल्या. एक मालिका नदीकाठच्या राज्याची, दुसरी डोंगरातल्या राज्याची. वरवर दोघींचा काही संबंध नाही, पण नीट वाचलं तर खुणा सापडत. इकडे हरवलेली अंगठी तिकडच्या एखाद्या म्हातारीच्या बोटात दिसायची. त्या खुणा हुडकायच्या, त्यावरून कोण कोणाचा कोण ते ठरवायचं आणि मग त्यावरून एकमेकांचे गळे धरायचे, हा आमचा उद्योग होता. डिचोलीच्या वाचनालयात एका घराला एकच पुस्तक मिळायचं. ते आधी भाई वाचणार, कारण तो मोठा आणि तो मुलगा. वाचून झालं की जेवताना घास चावत चावत मला शेवट सांगून टाकायचा. मुद्दाम. मी पेजेत मीठ जास्त घालून त्याची परतफेड करायचे.

त्या जगात जादू फुकट नव्हती. मंत्र म्हटला की म्हणणाऱ्याच्या भाषेतला एक शब्द कायमचा जायचा. एकदा ‘पाणी’ गेला की घशाला कोरड पडली तरी पाणी मागता येत नाही. सगळे शब्द संपले की माणूस संपला. दुसरा नियम वेषधाऱ्यांचा. ते दुसऱ्याचं रूप घेत, आवाज घेत, आठवणीसुद्धा घेत. फक्त राग त्यांना घेता येत नसे. म्हणून तिथली राणी, कुणाचा संशय आला की आधी त्याला चिडवून बघायची. चिडला तर तो खरा. या दुसऱ्या नियमावर आमचं कधी भांडण झालं नाही. बाकी झाडून सगळ्यावर झालं.

सर्वांत मोठं भांडण नावाड्यावरून. नदीच्या मालिकेतला हा नावाडी दर भागात असायचा. हाती आलेल्या शेवटच्या भागात त्याने महापुरात राणीची नाव वाचवण्यासाठी मंत्र म्हटला, मग तोंड उघडलं तर त्यातून शब्दच येईना, आणि तो पाण्यात गेला. भाई म्हणाला, शब्द संपले, मेला. मी म्हटलं, नाही. आजवरच्या एकाही भागात त्याने स्वतःचं नाव सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की हसून वल्हं उचलतो. म्हणजे तो एक शब्द त्याच्याकडे शिल्लक आहे. आणि डोंगराच्या मालिकेत तो मुका मीठविक्या आहे ना, जो आपला बैल नावेच्या गाठीने बांधतो? तोच हा.

“नाव हा काही आपला शब्द नव्हे,” भाई म्हणाला. “नाव दुसऱ्याने हाक मारायला असतं. माणूस स्वतः त्याचं काय करणार?”

हे वाद घरात वर्षभर चालले. आई रांधायच्या खोलीत चुलीपुढे बसून ऐकायची. ती एक ओळ वाचत नव्हती आणि कधी मध्येही पडली नाही. बाबा ओरडायचे, ही दोघं कुणाच्या मयतावरून भांडतात? भाईने तर बाजारातल्या त्याच्या मित्रांना माझा तर्क सांगून माझी टिंगल केली. त्यातला एक जण मला वाटेत गाठून म्हणाला, मीठ कसं दिलं? मी घरी येऊन भाईच्या तोंडावर पुस्तक मारलं. वाचनालयाचं होतं म्हणून नेम जरा बाजूला ठेवला.

मग पाळी गावाहून माझ्यासाठी स्थळ आलं. खनिजाचे ट्रक असलेलं घर. बोलणं सगळं मुलाचे काका करत. मुलगा आमच्या सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या बांधीव बाकावर, टेकून बसला होता आणि त्याच्या बुटांवर खाणीची तांबडी माती होती. त्याच्यात वाईट काहीच नाही असं सगळ्यांनी सांगितलं. नसेलही. जनेलीत, खिडकीच्या कोनाड्यात, माझी पुस्तकं रचलेली होती, ती बघून काका म्हणाले, आमच्याकडे हे चालायचं नाही हं, घरात माणसं पुष्कळ आहेत. मुलगा हसला. मला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायचं होतं, त्याबद्दल कुणी काही विचारलंच नाही. ते गेल्यावर मी बाबांना सांगितलं, मला हा नको. बाबांनी विचारलं, का नको? मी म्हटलं, नको म्हणून नको. एवढं कारण आमच्या घरात पुरत नव्हतं.

“मग देवीलाच विचारू,” बाबा म्हणाले.

आमच्याकडे मोठ्या कामाला देवीचा प्रसाद घेतात, कौल घेतात. पुजारी पिटकोळीच्या लाल कळ्या ओल्या करून मूर्तीवर ठरलेल्या जागी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बघत राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा देवीने सांगितलं की त्यावर बोलायचं नाही. मी देवळात गेले नाही, मला नेलंच नाही. बाबा, मामा आणि भाई गेले. परत आले ते बाबा हसतच. उजवा झाला होता. मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. आता माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं आणि ते घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, म्हणून सगळे माझ्याशी गोड बोलत होते.

भाई मात्र जास्तच खुशीत होता. तो रांधायच्या खोलीत आला. आई चुलीपाशी होती, मी उठून पाणी प्यायला आले होते.

“आयक गे,” तो मला म्हणाला, “तुजें जातकच हांवेंय एक विचारलें, मनांतल्या मनांत. नावाडी मेलो काय, म्हूण. देवीन उजवो दिलो. मेलो तो. आतां तरी मान.”

मला आधी कळेचना हा काय बोलतोय. माझं विचारून झाल्यावर पुजाऱ्याने कुणाचं आणखी काही आहे का म्हणून विचारलं होतं. मनातलं विचारायची रीत असते, मोठ्याने सांगावं लागत नाही. तर या शहाण्याने देवीपुढे हात जोडून कादंबरीतल्या नावाड्याचं विचारलं. माझ्या जन्माचा प्रश्न आणि याचा हा खेळ, एकाच ताम्हनातल्या कळ्यांनी सुटले. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो दारात उभा राहून हसत होता. आई फुंकणीने चूल फुंकत राहिली.

लग्नाची तारीख ठरवायला पाळीचे लोक लवकरच येणार होते, पण मध्येच भाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं तोडून आडवी टाकली, बसगाड्या बंद पडल्या. तारखेची बैठक पुढे गेली आणि वाचनालयात कोल्हापूरहून येणारा पुस्तकांचा गठ्ठाही पलीकडेच अडकला. त्यात नवा भाग होता, हे मला ग्रंथपालांनी सांगितलं होतं. लोक त्या दिवसांत काय काय मागत होते. मी फक्त ते पुस्तक मागत होते. भाईचा देवीवर भरवसा होता, त्याला घाई नव्हती.

रस्ते मोकळे झाले तशी मी रोज डिचोलीला जायला लागले. भर उन्हात, दुकानात बाबांना जेवण पोचवायच्या निमित्ताने. गठ्ठा आला त्या दिवशी तो माझ्यासमोरच सोडला. मी तिथेच पायरीवर बसून मागची पानं आधी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा शेवट मला भाईकडून कळणार नव्हता. डोंगरातला मुका मीठविक्या बैलावर गोणी लादून नदीच्या घाटावर उतरतो. पहारेकरी त्याला अडवतात, कोण म्हणून विचारतात. तो हसतो, तोंड उघडतो आणि आपलं नाव सांगतो. तेवढा एकच शब्द. घाटावरच्या सगळ्या नावा दोर तोडून त्याच्याकडे येतात.

मी पुस्तक छातीशी धरून घरी आले. आनंद झाला होता, पण त्याहून जास्त दुसरं काहीतरी झालं होतं. वाटेत सर्वणच्या शेतांपाशी ते नीट माझ्या लक्षात आलं. नावाडी जिवंत असेल तर ती कळी चुकीची पडली. आणि ती चुकीची असेल, तर तिच्या आधीची?

घरी पोचले तर सोप्यावर पाळीचे काका, मामा, बाबा आणि तारीख काढायला बोलावलेला पुजारी. भाई दाराला टेकून उभा. आईने माझ्या हातात चहाचा ट्रे दिला, बशीत उंडे, आमच्याकडचे गोल पाव, होते. मी पुस्तक काखेत धरलं आणि बाहेर गेले. चहा दिला. मग सरळ बाबांसमोर उभी राहिले.

“बाबा, त्या दिवशीचा कौल चुकला,” मी म्हटलं. “भाईने त्याच बैठकीत देवीला या पुस्तकातल्या नावाड्याचं विचारलं होतं. देवीने मेला म्हणून सांगितलं. तो जिवंत आहे. हे बघा, इथे छापलंय.”

कुणी पुस्तकाकडे बघितलं नाही. पुजाऱ्याने कप खाली ठेवला. बाबांचा चेहरा पडला.

“कितें विचारलें म्हण्टा ही?” पुजाऱ्याने भाईला विचारलं.

भाई माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता तो माझ्या बाजूने बोलेल. पुस्तक माझ्याकडे होतं, नियम त्याला माहीत होते, हरला होता हे त्याला दिसत होतं. आम्ही इतकी वर्षं भांडलो पण खोटी खूण दाखवून कधी कुणी जिंकलं नव्हतं.

“पिशी जाल्या ती,” तो म्हणाला. वेड लागलंय तिला. “हांवें म्हज्या नोकरेचें विचारिल्लें.”

त्यावर पाळीचे काका अगदी सहज बोलून गेले. “नोकरी? ती सोयरिकेवांगडा थारिल्लीच आसा मरे. तिचें देवीक कित्याक विचारतलो?”

खाणीवरच्या वजनकाट्याच्या कचेरीत भाईला लावून घेणार होते. ते या लग्नातच ठरलेलं होतं. बाबांना माहीत होतं, मामांना माहीत होतं. मला ते तेव्हा, चहाचा रिकामा ट्रे हातात घेऊन कळलं. नावाडी मेल्याचा कौल घेऊन नाचत आलेला माझा भाऊ दुसऱ्याही एका कौलावर खूश होता तर. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला त्याची किळस आली.

काकांना आपण काय बोललो ते उमगायच्या आत दारातून आईचा आवाज आला. चार पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलत नसे.

“तारी मेलो म्हूण तुवेंच रांदचे कुडींत येवन सांगलें. देवीन उजवो दिलो म्हणलें. आतां फटी कित्याक मारता रे?”

तारी म्हणजे नावाडी. नार्व्याच्या धक्क्यावर होडी चालवणाऱ्याला आई तारी म्हणायची, आणि कादंबरीतल्यालाही तेच म्हणत होती. चुलीपाशी बसून तिने त्याची सगळी कथा ऐकली होती, भाग न् भाग. भाईने मान खाली घातली. आईने सगळ्यांसमोर त्याला खोटा ठरवल्यावर कुणाला आणखी पुरावा लागला नाही.

पुढचं फार वेळ चाललं नाही. बाबा म्हणाले, झालं ते झालं, पुन्हा कौल लावू. पुजारी तटकन उठला. देवी काय तुमच्या गोष्टींच्या पुस्तकांची मास्तरीण आहे काय, म्हणाला. ती अख्खी बैठकच बाटली, आता त्या कामाचा कौल मी पुन्हा लावणार नाही. पाळीच्या काकांनी चप्पल पायात सरकवली. देवीची थट्टा करणाऱ्या घरातली मुलगी आम्हाला नको, असं ते अंगणात जाऊन मोठ्याने म्हणाले, शेजारी ऐकतील असं. मला ते ऐकताना फार बरं वाटलं. उंडे तसेच राहिले.

बाबांनी नंतर नारळ ठेवून देवीची माफी मागितली. भाईची नोकरी अर्थातच गेली. तो दुकानात बसायला लागला आणि त्याने माझं नाव घेणं सोडलं. मी घरात असले तरी ‘ती’ म्हणायचा. तिला सांग, तिला वाढ. पुढे मी शिक्षण पूर्ण करून पेडण्याकडच्या एका शाळेत लागले आणि तिथेच माझ्या पसंतीने लग्न केलं. नवऱ्याला कादंबऱ्या वाचायची सवय नाही, याची मी आधी खात्री करून घेतली.

त्या भागानंतर मालिका बंदच पडली. लेखक गेला म्हणतात. आणि भाईने, ज्याला दुकानात दिवसभर काम नव्हतं, नवा तर्क काढला. तो मला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळत राहिला. घाटावर आलेला मीठविक्या नावाडी नव्हेच, म्हणे. तो वेषधारी. पुरावा काय, तर पहारेकरी त्याला ढकलतात, त्याची गोणी फाडतात, मीठ सांडतात, आणि तो हसतो. खरा नावाडी भडकला असता. म्हणजे खरा पुरातच मेला, देवीने सांगितलं ते बरोबर, आणि मी सगळ्यांचं वाटोळं केलं ते उगाच. मी ते पान पुन्हा काढून वाचलं. गोणी खरंच फाडतात. तो खरंच हसतो. मला याचं उत्तर आजही सापडलेलं नाही आणि त्याचा मला फार संताप येतो.

बऱ्याच वर्षांनी आई आजारी पडली, हे भाईने मला कळवलं नाही. मी पोचले तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं.

बाराव्याला घर भरलेलं होतं. मी विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन येत होते. भाई सोप्यावर बसला होता, केस पार पिकलेले. मामांच्या घरातली कुणी म्हातारी त्याला म्हणाली, आता आई गेली, तुम्ही दोघंच उरलात, बहिणीशी बोल रे. भाईने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

“म्हजी भैण त्याच दिसा मेली. ही कोण दुसरीच आयल्या, म्हाका खबर ना.”

मी कळशी अशी आपटली की अर्धं पाणी त्याच्या पायांवर गेलं. मी त्याला तिथेच, भटजींसमोर, पानांवर बसलेल्या पाहुण्यांसमोर धुतला. वजनकाटा काढला, खोटं बोलणं काढलं, टिंगल काढली, आणि आईला मला शेवटचं बघू दिलं नाहीस ते काढलं, आणि तिथे माझा आवाज फाटला तरी मी थांबले नाही. कुणीतरी माझा दंड धरला होता, तो मी झटकला. तुझा तो फडतूस तर्क माझ्यावर लावतोस काय, असंही ओरडले. कुणाला त्याचा अर्थ कळला नसेल.

भाई ओल्या पायांनी बसून माझ्याकडे बघत होता. आधी कपाळाला आठ्या होत्या. मग त्या हळूहळू गेल्या आणि तो नुसता बघत राहिला, पुस्तकातली राणी बघायची तसा. त्याला नियम आठवला हे मला दिसलं, आणि मलाही बोलता बोलता तो आठवला. त्या एका नियमावर आमचं कधीच भांडण नव्हतं.

मग त्याने माझं नाव घेतलं. हळू, एकदाच, आणि सोप्यावर थोडा सरकून जागा केली.

मी बसले नाही. कळशी उचलली आणि पुन्हा पाणी आणायला विहिरीवर गेले.